हृदयविकाराचा झटका: सावरगावाहून नागपूर दोन तासांवर

हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक तुटणे आणि तो भाग मरू लागणे. बोलताना ‘हार्ट बंद पडलं’ असे सर्रास म्हटले जाते. पण झटक्याच्या वेळी हृदय बहुधा चालूच असते, त्याचा एक तुकडा तेवढा उपाशी पडलेला असतो. हा फरक केवळ शब्दांचा नाही. हृदय चालू असते म्हणूनच माणूस बोलतो, आपल्या पायांनी ओसरीवर येऊन बसतो, सोडा मागतो, आणि घरचे फसतात.

हृदय साधारण मुठीएवढे, वजनाने पाव किलो ते तीनशे ग्रॅम. दिवसाकाठी त्याचे सुमारे एक लाख ठोके पडतात आणि स्वस्थ बसलेल्या माणसातही ते मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवते. त्याचे कप्पे सतत रक्ताने भरलेले असतात. तरी ते रक्त हृदयाच्या जाड स्नायूच्या फारसे कामी येत नाही. नदीकाठच्या बागेला नदी जवळ आहे म्हणून आपोआप ओल मिळत नाही, तसेच हे. स्नायूला रक्त पोचवण्यासाठी हृदयाच्या बाहेरच्या अंगाने वेगळ्या रोहिण्या पसरलेल्या असतात. त्यांना करोनरी रोहिण्या म्हणतात. मुख्य दोन, डावी आणि उजवी. डावीला पुढे दोन मोठे फाटे फुटतात. समोरून खाली उतरणारा फाटा हृदयाच्या सर्वांत कष्टाळू भागाला पोसतो, आणि अँजिओग्राफीच्या (रोहिण्यांच्या एक्स-रे चित्रणाच्या) रिपोर्टात ‘एलएडी’ म्हणून ज्याची धास्ती घेतली जाते तो हाच. या रोहिण्यांची पोकळी मुळापाशीसुद्धा तीन-चार मिलिमीटरच असते. हृदयाची आणखी एक अडचण आहे. आलेल्या रक्तातला बहुतेक प्राणवायू ते एरवीच शोषून घेते. रक्त कमी आले तर त्याच रक्तातून जास्त प्राणवायू काढून भागवण्याची सोय त्याच्याकडे जवळपास नाही.

झटका कसा येतो हे समजावताना ठिबकच्या नळीत क्षार साचल्याचे उदाहरण दिले जाते: नळी भरत जाते आणि एक दिवस थेंब बंद होतो. हे चित्र अर्धेच खरे आहे. चरबी नळीच्या पोकळीत साचत नाही, ती रोहिणीच्या भिंतीच्या आत साचते. कोलेस्टेरॉलचा लगदा आत आणि वर तंतूंचे पातळ आवरण, असा तो फोड अनेक वर्षे, बहुधा विशी-पंचविशीपासून, मुकाट्याने वाढत असतो. एक दिवस आवरणाला चीर जाते. आतला लगदा रक्ताला लागताच शरीराला वाटते की जखम झाली, आणि बोट कापल्यावर जे होते तेच तिथे होते: रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटतात, गुठळी बनते आणि काही मिनिटांत तीन मिलिमीटरची वाट बंद होते. शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी 1912 साली हे गुठळीचे प्रकरण मांडले. तरी गुठळी आधी की झटका आधी, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. 1980 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात मोठा झटका आलेल्यांची तातडीने अँजिओग्राफी करून पाहिली, तेव्हा पहिल्या चार तासांत आलेल्या दर दहांतल्या जवळजवळ नऊ जणांची रोहिणी गुठळीने पूर्ण बंद दिसली. आजचे सगळे उपचार या निष्कर्षावर उभे आहेत.

यातून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चीर जाणारा फोड मोठाच असतो असे नाही. तीस-चाळीस टक्के वाट अडवणारा, चालताना कसलाही त्रास न देणारा फोडही फुटू शकतो. ‘गेल्या महिन्यात पट्ट्यावर चालवून तपासणी केली, सगळं नॉर्मल होतं, तरी अटॅक आला कसा?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ती तपासणी अरुंद झालेली वाट ओळखते, उद्या फुटणारा फोड ओळखत नाही.

वाट बंद झाल्यावर शरीरात काय होते ते घड्याळ लावून सांगता येते. पहिल्या मिनिटाच्या आतच तो भाग आकुंचन पावणे सोडतो. मेलेला नसतो, पण काम टाकून बसतो. साधारण वीस मिनिटांनंतर पेशी कायमच्या मरू लागतात. मरण आतल्या थरापासून सुरू होते आणि बाहेरच्या थराकडे सरकत जाते. तीन तासांत वाट मोकळी झाली तर बराचसा स्नायू वाचतो, सहा तासांनी थोडा उरतो आणि बारा तासांनंतर वाचवण्यासारखे फारसे राहत नाही. हे घड्याळ दवाखान्याच्या दारात पोचल्यावर सुरू होत नाही. पहिली कळ आली तेव्हाच ते सुरू झालेले असते.

पहिल्या तासाचा धोका वेगळाच. उपाशी स्नायूतून विजेचे संदेश वेडेवाकडे धावू लागतात आणि कधी कधी हृदय ठोके देण्याऐवजी नुसते थरथरते. थरथरणारे हृदय रक्त पुढे ढकलत नाही. माणूस काही सेकंदांत कोसळतो. खऱ्या अर्थाने ‘हार्ट बंद पडणे’ ते हेच. दवाखान्याबाहेर होणारे बहुतेक मृत्यू असेच होतात आणि बरेचसे पहिल्या तासातच होतात. विजेचा शॉक देणारे यंत्र जवळ असेल तर यातला माणूस परत येतो. आधी आपल्या पायाने चालत दवाखान्यात पोचलेला माणूस मागाहून कोसळला, तर दवाखान्याच्या खाटेवर तो वाचण्याची शक्यता घरच्या खाटेपेक्षा कितीतरी जास्त असते. एवढ्या कारणासाठीसुद्धा लवकर निघणे योग्य.

उरलेल्या शरीरावर होणारे परिणाम हृदयाचा किती आणि कोणता भाग गेला यावर ठरतात. डाव्या खालच्या कप्प्याचा बराच भाग थांबला की फुप्फुसांतून आलेले रक्त मागे तुंबते. फुप्फुसे ओली होतात, धाप लागते, आडवे पडवत नाही. मूत्रपिंडांना रक्त कमी पडून लघवी घटते, मेंदूला कमी पडून माणूस असंबद्ध बोलतो, हातपाय गार पडतात. त्या कप्प्याचा साधारण चाळीस टक्के स्नायू गेला तर रक्तदाब सावरत नाही. या अवस्थेत आजही जवळजवळ निम्मे दगावतात. उजवी रोहिणी बंद झाली की चित्र निराळे दिसते. हृदयाच्या खालच्या भागाची मज्जातंतूंची जोडणी पोटाशी जवळची असल्यामुळे मळमळते, उलटी होते, नाडी मंदावते. अशा झटक्यात छातीपेक्षा पोटाचीच तक्रार पुढे येते.

झटक्याला गॅस समजण्याचा घोळ तिथूनच सुरू होतो. हृदयाकडून येणारे वेदनेचे तंतू डावा हात, खांदा आणि जबडा यांच्या तंतूंबरोबरच पाठीच्या कण्यात शिरतात, आणि कळ नेमकी कुठून आली हे मेंदूला सांगता येत नाही. म्हणून दुखणे जबड्यापासून बेंबीपर्यंत, समोर किंवा पाठीत, कुठेही जाणवू शकते. ते टोचल्यासारखे क्वचितच असते. रुग्ण ‘दुखतं’ असेही फारदा म्हणत नाही. ‘छाती भरून आली’, ‘कोणी दाबून धरल्यासारखं वाटतं’, ‘जीव घाबरतो’ असे म्हणतो आणि एका बोटाने जागा दाखवण्याऐवजी सगळा तळवा छातीवर ठेवतो. त्यातच दरदरून घाम फुटला असेल, विश्रांती घेऊनही पंधरा-वीस मिनिटांत बरे वाटले नसेल, तर ओवा, सोडा, इनो, छातीला तेल, यांतले काहीही करून पाहण्याची ती वेळ नव्हे. ढेकर आली म्हणून हृदय सुटले असे होत नाही. पोटात खरोखरच गॅस असताना झटकाही येऊ शकतो. मधुमेही, वयस्क माणसे आणि स्त्रिया यांच्यात छातीतली कळ मुळीच नसण्याचा संभव जास्त असतो. नुसती धाप, एकाएकी आलेला गळाठा, घाम किंवा घेरी एवढेच दिसते. घरातल्या बाईने ‘आज अंगात जीवच नाही’ म्हणून टेकावे आणि ते दमल्याचे लक्षण समजून सोडून द्यावे, असे अनेक घरांत घडते. उशीर तिथेच होतो.

आता प्रश्न येतो अंतराचा. सावरगाव जांब नदीच्या एका काठावर, पांढुर्णा दुसऱ्या काठावर. 2023 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला, तरी मोठ्या दुखण्याला इथला माणूस नागपूरच गाठतो. भाषा एक, नातीगोती तिकडची, दवाखाने मोठे. पांढुर्ण्याहून नागपूर रस्त्याने नव्वद-शंभर किलोमीटर; गाडी मिळवणे, पैसे गोळा करणे आणि शहरातली गर्दी धरली तर दोन तास सहज जातात. छिंदवाडाही घाटाच्या वाटेने तेवढेच लांब पडते. त्यामुळे छातीत कळ येताच ‘चला, थेट नागपूर’ म्हणून गाडी काढण्याची जी रीत पडली आहे, ती चुकीची आहे. झटका ओळखायला ईसीजी लागतो आणि तो जवळच निघतो. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन द्यायला मोठ्या रुग्णालयातली कॅथलॅब लागत नाही.

म्हणून क्रम असा हवा. रुग्णाला पाठीला टेकू देऊन बसवावे, चालवू नये, जिना चढवू-उतरवू नये. रुग्णाने स्वतः गाडी चालवणे किंवा त्याला दोघांच्या मध्ये मोटरसायकलवर बसवून नेणे शक्यतो टाळावे. वाटेत शुद्ध हरपली तर काहीच करता येत नाही. 108 ला फोन करावा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, अलीकडे रक्ताची उलटी, काळी शी किंवा मेंदूतला रक्तस्राव झालेला नसेल, तर 300 ते 325 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्यावे. गिळून नव्हे, चावून, म्हणजे ते लवकर रक्तात उतरते. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सतरा हजारांवर रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत या स्वस्त गोळीने एकटीने मृत्यू जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी केले आणि गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची जोड मिळाल्यावर चाळीस टक्क्यांहून अधिक. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्याकडून मागून आणून देऊ नये. उजव्या बाजूच्या झटक्यात किंवा लैंगिक ताकदीच्या गोळ्या घेतलेल्या माणसात ती रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत पाडू शकते. जोरजोरात खोकल्याने अटॅक थांबतो, हा मोबाइलवर फिरणारा सल्ला निराधार आहे.

दवाखान्यात पोचल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा. तो डॉक्टरला दाखवून फोटो काढून ठेवावा. नागपूरच्या हृदयतज्ज्ञाला मोबाइलवर पाठवून मत घेण्याची पद्धत आता रुळली आहे. पहिला ईसीजी साफ आला तरी कळ चालू असेल तर घरी परतू नये, तो थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो. ट्रोपोनिन या रक्ततपासणीचेही तसेच आहे: मेलेल्या स्नायूतून ते प्रथिन रक्तात यायला काही तास लागतात, म्हणून फार लवकर केलेली तपासणी ‘निगेटिव्ह’ येऊन फसवू शकते.

रोहिणी पूर्ण बंद झाल्याच्या खुणा ईसीजीत दिसल्या की दोन वाटा असतात. एक अँजिओप्लास्टी: मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन फुग्याने वाट उघडणे आणि तिथे स्टेंट बसवणे. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी 1977 मध्ये झुरिचला पहिल्यांदा जाग्या माणसावर केलेली ही प्रक्रिया वेळेत झाली तर सर्वांत चांगली. पण निदानापासून दोन तासांत ती होणार नसेल, तर आधी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यावे आणि मग पुढे हलवावे, असा जगभरचा नियम आहे. सावरगावच्या माणसाला रात्री दोन तासांत नागपूरच्या टेबलावर नळी घालून मिळणे जवळजवळ अशक्य; म्हणजे हा नियम जणू याच गावासाठी लिहिलेला आहे. टेनेक्टिप्लेज हे इंजेक्शन वजनाप्रमाणे एकदाच शिरेतून देता येते, जुने स्ट्रेप्टोकायनेज तासभर सलाइनमधून द्यावे लागते. कळ सुरू झाल्यापासून पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा गुण सर्वांत मोठा, बारा तासांनंतर नगण्य. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, पण तो शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. पूर्वी असा रक्तस्राव, नुकतेच मोठे ऑपरेशन किंवा डोक्याला मार असेल तर ते देत नाहीत, म्हणून डॉक्टर खोदून विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरे लपवू नयेत. संमतीच्या कागदावर सही करायला ‘पुण्याहून मुलगा येऊ दे’ म्हणून थांबणे मात्र फार महागात पडते.

इंजेक्शनने कळ थांबली की काम संपले असे नाही. साठ ते नव्वद मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढतात. सुधारणा नसेल तर तातडीने, आणि असेल तरी चोवीस तासांच्या आत अँजिओग्राफीसाठी हलवायला हवे. हाच नागपूरचा योग्य मुहूर्त. इथे राज्याची हद्द आडवी येते असा अनेकांचा समज आहे. आयुष्मान कार्डाला ती आडवी येत नाही: मध्य प्रदेशात काढलेले कार्ड दुसऱ्या राज्यातल्या योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातही चालते, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत, आणि अँजिओप्लास्टी त्यात बसते. स्टेंटच्या किमतीलाही फेब्रुवारी 2017 पासून सरकारी मर्यादा आहे. त्या वेळी औषध लावलेल्या स्टेंटची किंमत करांशिवाय 29,600 रुपये ठरवली गेली. त्याआधी बिलात लाखाच्या वरचे आकडे येत. शेत गहाण टाकण्यापूर्वी दवाखान्यात आयुष्मानचा टेबल कुठे आहे ते विचारावे.

माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, अशा वेळी अधूनमधून येणाऱ्या आचक्यांना श्वास समजू नये. त्याला कडक जमिनीवर उताणे टाकून छातीच्या मधोमध, दोन तळवे एकावर एक ठेवून, कोपर ताठ धरून जोराने दाबावे: पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देत. दमल्यावर दुसऱ्याने घ्यावे, पण थांबू नये. बरगडी मोडली तरी चालेल. तोंडात पाणी घालणे, कांदा हुंगवणे, तळपाय चोळणे यांत जी मिनिटे जातात ती परत मिळत नाहीत.

झटक्यातून वाचलेल्या हृदयात पुढचे दीड-दोन महिने दुरुस्ती चालू असते. पहिल्या आठवड्यात मेलेला स्नायू पांढऱ्या पेशी खाऊन साफ करतात आणि ती भिंत तेव्हाच सर्वांत मऊ असते. फार थोड्यांत ती फाटते किंवा झडपेची दोरी तुटते. मग तिथे तंतूंचा वण धरतो. वण मजबूत असतो, पण आकुंचन पावत नाही. वण मोठा असेल तर उरलेले हृदय ओझ्याने हळूहळू पसरते, आणि वर्षादोनवर्षांनी पायावर सूज व धाप येऊ लागते. ते टाळण्यासाठीच गोळ्यांची ती लांबलचक चिठ्ठी असते. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात. ‘आता बरं वाटतं’ म्हणून किंवा दात काढायचा म्हणून त्या परस्पर बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि तो झटका पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. चालणे लवकर सुरू करावे, रोज थोडे वाढवत. पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप, संत्र्याचे क्रेट उचलणे, थंडीत मध्यरात्रीच्या विजेसाठी मोटार लावायला जाणे, हे सगळे डॉक्टरने इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहून हो म्हणेपर्यंत दुसऱ्यावर सोपवावे. बऱ्याच जणांना या काळात उदास वाटते, झोप येत नाही, प्रत्येक ठोका मोजला जातो. तेही डॉक्टरला सांगण्यासारखे दुखणे आहे.

रोहिणीच्या भिंतीत चरबी साचवणारी कारणे आता नवी राहिलेली नाहीत: तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, बैठे जगणे, घराण्यातला वारसा. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांहून पाच-सहा वर्षे आधी, सरासरी त्रेपन्नच्या आसपास येतो, असे 52 देशांत झालेल्या अभ्यासात दिसले. पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात यातली तंबाखू वेगळी काढून पाहायला हवी. विदर्भासारखाच इथेही तंबाखू-सुपारीचा खर्रा चालतो, आणि ‘धूर नाही, मग हृदयाला काय होणार?’ असे समजले जाते. निकोटीनला धुराची गरज नसते. त्याच 52 देशांच्या अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांचा धोका न खाणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाला. उलट बाजूने, विडी-सिगारेट सोडल्यावर वर्षभरात वाढलेला धोका निम्म्यावर येतो. एवढा गुण देणारी गोळी दुकानात मिळत नाही.

बाकीचे थोडक्यात. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी, जवळच्या आरोग्य मंदिरात ते फुकट होते. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचे, पापड आणि शेवचिवडा आवरता. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे. शेतातली ये-जा त्यात धरता येते, मोटरसायकलवरची नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट खाऊ नये हे ऐकून संत्रेही सोडणारी माणसे भेटतात. इथल्या संत्र्याला तो दोष नाही. मधुमेह असेल तर रस न काढता फोडी खाव्यात, इतकेच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या दगडफेकीला, जांब नदीच्या काठांवर डॉक्टर आणि रुग्णवाहिका उभ्या असतात, कारण तारीख सगळ्यांना ठाऊक असते. झटक्याची तारीख कोणालाच ठाऊक नसते. तो पहाटे आणि सकाळी जास्त येतो, एवढेच माहीत आहे. म्हणून सावरगावच्या प्रत्येक घराने चार गोष्टी आजच करून ठेवाव्यात: अ‍ॅस्पिरिनची पट्टी हाताशी, आयुष्मान कार्ड आणि जुने ईसीजी एका पिशवीत, गाडीवाल्याचा नंबर 108 च्या शेजारी भिंतीवर; आणि रात्री दोन वाजता ईसीजी कुठे निघतो, गुठळीचे इंजेक्शन कुठे शिल्लक असते, हे पांढुर्ण्याला कामासाठी गेलेल्या कोणीतरी दिवसाउजेडी विचारून यावे.